आत्याबाईंनी पाहिलेली युरोपातली देवळं

युरोपातून आम्ही काय काय आणलं होतं! चिनी मातीची बशी फुटली, छत्री भोरच्या बाजारात हरवली, लोकरीचा कोट कसरीनं खाल्ला. किस्से मात्र वाढतच गेले. आजही शेजारणी जमल्या, की कुणीतरी म्हणतंच, "वहिनी, तो आत्याबाईंचा सांगा ना!" मी विचारते, "कुठला?"

आमचे हे भोर संस्थानच्या बांधकाम खात्यात इंजिनियर. जुनी दगडी चर्चं पाहायची म्हणून लांब रजा काढून निघाले. मी बरोबर जाणार हे ठरलेलंच होतं. ह्यांच्या आत्याबाई जाणार, हे आत्याबाईंनी ठरवलं! ह्यांना लहानाचं मोठं त्यांनीच केलेलं. भोरजवळच्या आंबवड्याची शेती एकटीनं बघणारी बाई. "बापू, तू दगडं बघ, म्या देव बघते," एवढं बोलून त्यांनी वळकटी बांधली.

*

मी पुण्यात शिकलेली. डोक्यावर पदर घेणार नाही, म्हणून सासरी वर्षभर भांडले होते आणि जिंकलेही होते. अख्ख्या भोरात उघड्या डोक्यानं ऐटीत फिरायची.

मिलानच्या मोठ्या चर्चमध्ये शिरताना दारवानानं मला अडवलं. बायकांनी डोकं झाकल्याशिवाय आत जायचं नाही! मी इंग्रजीतून वाद घातला, ह्यांनी हातवारे केले. दारवान ढिम्म. आत्याबाईंना मात्र त्यानं कमरेत वाकून वाट दिली. त्यांचा पदर जन्मापासून डोक्यावरच!

मी मुकाट्यानं पदर ओढला. आत गेल्यावर आत्याबाई माझ्याजवळ सरकल्या. मग हळूच म्हणाल्या, "आख्ख्या भोराला भ्याली न्हाईस सूनबाई. ह्यानं बरी गाठली!"

*

ह्यांना वेड छतांचं. कमानी वर जाऊन एकमेकींना कशा भेटतात, ते उभं राहून नीट दिसत नाही म्हणायचे. एका चर्चमध्ये मधोमध फरशीवर सरळ उताणे झोपले. हात छातीवर, डोळे वर.

एक बाई किंचाळली. माणसं धावली. कुणी कॉलर सैल केली, कुणी पाणी मारलं, दोघांनी पाय धरून उंच केले. हे "आय अ‍ॅम ऑल राइट" म्हणतायत, पण पाय वर असलेल्या माणसाचं ऐकतो कोण? एक जोगीण तर शेजारी गुडघे टेकून प्रार्थना म्हणायला लागली.

आत्याबाई गर्दीत घुसल्या. बांधावरून बैल थांबवायचा तो आवाज लावला, "आरं मेला न्हाई त्यो! हिंजनेर हाय!"

शब्द एकालाही कळला नाही. पाय मात्र ताबडतोब खाली ठेवले गेले!

*

इटलीतच एका लहान गावातलं चर्च. ह्यांच्या वहीत त्याचं नावसुद्धा नव्हतं, ऊन लागलं म्हणून आत शिरलो. कोपऱ्यात येशूच्या आईची मूर्ती होती. मेलेला मुलगा मांडीवर घेऊन बसलेली.

आत्याबाई थबकल्या. "ह्यो कोण तिचा?"

"मुलगा," हे म्हणाले.

आत्याबाई खाली बसल्या. त्यांचा मुलगा ऐन विशीत तापानं गेला होता. घरात कुणी त्याचं नाव काढायचं नाही. त्याही काढायच्या नाहीत.

"आत्या, बस चुकेल," हे थोड्या वेळानं म्हणाले.

"तुमी दोगं व्हा म्होरं. म्या हिच्यापाशी बसते."

बस चुकली. ह्यांनी पुन्हा घाई केली नाही. बाहेर आल्यावर आत्याबाईंनी डोळ्यांना पदर लावला आणि एवढंच म्हणाल्या, "बाई वळखीची निघाली."

*

फ्रान्समध्ये चर्चच्या छपराला दगडी भुतं बसवलेली. हे समजावून सांगायला लागले, की पावसाचं पाणी त्यांच्या तोंडातून लांब पडतं आणि भिंती वाचतात.

आत्याबाईंनी मान वर करून एकेकाला न्याहाळलं. "आपल्या वेल्ह्याच्या पावसात नको रं बाबा न्यायला. पडश्यानं मरतील बिचारी!"

*

आणि हा शेवटच्या चर्चचा.

रंगीत काचांच्या खिडक्यांसाठी ते जगभर नावाजलेलं. कॉलेजात असल्यापासून ह्यांना ते पाहायचं होतं. मुद्दाम शेवटी राखून ठेवलेलं. पोचलो, तर सगळीकडे परांच्या बांधलेल्या आणि खिडक्यांच्या जागी नुसतं आभाळ! दुसरं महायुद्ध तोंडावर आलेलं. गावकरी काचा उतरवून पेट्यांत भरत होते, कुठंतरी लपवायला.

हे पायरीवर मटकन बसले. आत्याबाईंनी काय झालं ते विचारलं. ह्यांनी सांगितलं.

"मग बसलास काय?" असं म्हणून त्यांनी पदर खोचला आणि पेट्यांत भुसा भरणाऱ्या बायकांत जाऊन बसल्या. कुणी बोलावलं नाही, कुणी उठवलंही नाही. मीही बसले. हे कोट काढून पेट्या उचलायला लागले.

संध्याकाळ होत आली. काचांची देखरेख करणाऱ्या म्हाताऱ्यानं एक पेटी बंद करायच्या आधी आत्याबाईंना खूण केली. त्यानं एक काच उजेडात धरली. कुणा संताचा चेहरा. तो एवढ्या उंचावर असायचा, की खालून नुसता रंग दिसे. निळा उजेड आत्याबाईंच्या हातांवर, लुगड्यावर सांडला.

त्यांनी पुष्कळ वेळ पाहिलं. मग म्हणाल्या, "झ्याक हाय. नाक तेवढं वाकडं काडलंय."

ह्यांनी घाबरत घाबरत मोडक्या फ्रेंचमध्ये सांगितलं. म्हाताऱ्यानं चष्मा चढवला, काच जवळ घेतली, आणि त्याला जे हसू फुटलं! डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसला. सगळ्या बायकांना बोलावून त्यानं ते नाक दाखवलं.

"त्यास्नी इचार बापू," आत्याबाई म्हणाल्या, "परत कवा बसिवणार?"

म्हाताऱ्यानं खांदे उडवले. हसू गेलं होतं.

"बसिवतील तवा मला कळवा म्हनावं."

म्हाताऱ्यानं टोपी काढून हातात घेतली आणि विचारलं, "बाईंना कळवायचं कुठं?"

"आंबवडं म्हनावं," आत्याबाई म्हणाल्या. "भोरात उतरून कुनालाबी इचारा."