बाईंचा बुटका काँप्युटर

नवी मुलगी आली की बाई आधी तिची नखं बघत. वाढलेली दिसली की टेबलावरचं नेलकटर पुढे सरकवत आणि म्हणत, "आधी हे, मग ए एस डी एफ." कोल्हारला एसटी स्टँडजवळ त्यांचा टायपिंगचा क्लास होता. त्यांचं नाव सगळ्यांना ठाऊक होतं, पण आम्ही मुलीच काय, आमचे आईबापही त्यांना बाईच म्हणायचे.

टाइपरायटरांच्या रांगेच्या शेवटी एक काँप्युटर होता. बाईंच्या भावाने मुंबईच्या ऑफिसातून मोडीत निघालेला आणून दिलेला. पेटी बुटकी, चपटी, जेवायच्या पाटाएवढी. तिच्याच डोक्यावर मॉनिटर. आला तेव्हा आजूबाजूच्या गावांतले लोक बघायला यायचे, आणि बाई प्रत्येकाला चपला बाहेर काढायला लावायच्या.

तीन-चार वर्षांत वारं फिरलं. शिर्डीच्या रस्त्याला विंडोजवाला नवा क्लास निघाला आणि आमच्यातल्या काही मुली तिकडे गेल्या. माझ्याबरोबर शिकणाऱ्या कमलचे वडील ऊसतोडीच्या टोळीत होते. एक दिवस ते दारातच उभे राहून म्हणाले, "बाई, पोरगी तुमच्याकडंच ऱ्हायचं म्हनती. पन कारखान्यात भरती हाय, तिथं माऊसवाल्या मशीनवर परीक्षा घेनारेत. तुमचं यंत्र लई जुनं हाय म्हनत्यात."

बाईंना ते लागलं असणार. पण त्यांनी कमलच्या वडिलांना आत बसवून पाणी दिलं आणि थोडे दिवस थांबायची विनंती केली. मग सोलापुरी चादरीत ती पेटी गुंडाळून बाई मला घेऊन नगरला निघाल्या. सगळा रस्ता पेटी त्यांच्या मांडीवर होती.

दुकानदाराने झाकण उघडलं आणि मान हलवली. एवढ्याशा पेटीत नवं काही बसवायला जागाच नाही, म्हणाला. यात खर्च घालू नका, नवा घ्या. टाइपरायटर देत असाल तर बदल्यात जमवून देतो. नवा काँप्युटर आला असता तर गेलेल्या मुली परत आल्या असत्या, हे मलाही कळत होतं. पण टाइपरायटर गेले असते, तर ज्यांना टायपिंगचीच फी झेपते त्या मुली कुठे जाणार?

शेवटी त्या म्हणाल्या, "काय मावत नाही ते तुम्ही सांगितलंत. आता काय मावतं ते सांगा."

मेमरी वाढवता येईल, माऊस जोडता येईल, तो म्हणाला, आणि जुनी हार्ड डिस्क काढून तिच्या जागी मोठी बसेल. विंडोज चालेल, पण सावकाश. बाई म्हणाल्या, "सावकाश चालू दे. आम्हाला बसून शिकायचंय."

दुसऱ्या दिवशी सकाळी क्लासात मशीन लावलं तर पडदा काळाच. कमल रडवेली झाली. बाईंनी प्लग काढला, झाकण उघडलं आणि दुकानदाराने बसवलेली मेमरीची पट्टी बोटाने दाबून पाहिली. एसटीच्या धक्क्यांनी ती निसटली होती. नीट बसवल्यावर मशीन सुरू झालं. बाईंनी पदराने कपाळ पुसलं आणि हजेरी घेतली.

विंडोज उघडायला फार वेळ लागे. तो बाईंनी कधी वाया जाऊ दिला नाही. पडद्याच्या कोपऱ्यात घड्याळ दिसेपर्यंत आम्ही अर्जाचा मायना म्हणून दाखवायचा, नाहीतर अवघड स्पेलिंगं. भरतीच्या परीक्षेला कमलबरोबर मीही बसले. कारखान्याचं मशीन झटकन उघडलं तेव्हा कमलने माझ्याकडे पाहिलं, आणि आम्हा दोघींना हसू आवरेना. दोघींची निवड झाली.

आम्ही पेढे घेऊन गेलो. बाईंनी एक तुकडा तोंडात टाकला, म्हणाल्या, "कामावर वेळेवर जा," आणि पुढच्या बॅचकडे वळल्या. स्टँडवरचा चहावाला मात्र दुसऱ्या दिवशी म्हणाला की त्यांनी त्याला, कंट्रोलरला आणि नगरच्या गाडीला थांबलेल्या अनोळखी बायकांनाही आमची नावं सांगितली होती.

पुढे वय झाल्यावर त्यांनी क्लास बंद केला. एकदा भाच्याच्या कसल्याशा दाखल्यासाठी त्या कारखान्याच्या ऑफिसात आल्या. हातात काठी, चाल हळू. मी पाहिलं आणि उभी राहिले. पलीकडे कमल उठली. मग हिशेब विभागातल्या दोघी, आवक-जावकची एक, टाइमकीपरकडची एक. सगळ्या त्यांच्याच हाताखाली शिकलेल्या. नव्याने आलेल्या साहेबांना वाटलं, कोणी संचालक आले. ते घाईघाईने केबिनबाहेर आले आणि कोण आलंय म्हणून विचारू लागले.

कमल म्हणाली, "आमच्या बाई आल्यात, साहेब." तेव्हा साहेबांनी स्वतः खुर्ची पुढे केली.