खंडेनवमीचं तेल

गाडीखाली शिरण्याआधी मनकर्णा चावी काढून स्वतःजवळ ठेवते. ब्लाऊजमध्ये, घामाने ओली झाली तरी तिथेच. खाली माणूस आहे हे वरच्या माणसाला माहीत असेलच असं नाही, हे तिच्या वडिलांनी ती बारा वर्षांची असताना सांगितलं होतं. वडील नत्थुजी मूर्तिजापूरचे, एसटीत ड्रायव्हर. त्यांना मुलगा नव्हता, त्यामुळे पाना धरायला मुलगीच हाताशी. सतरा नंबरचा पाना ती डोळे मिटूनही ओळखायची.

लग्नानंतर हे सगळं विसरायला हवं होतं. ती ते विसरलीही होती. दर्यापूरकडच्या एका उपकेंद्रात नर्सची नोकरी, घर अकोल्यात. अकरा वर्षं तिने जीपमध्ये चौदा माणसांत अंग चोरून, रजिस्टरं छातीशी धरून काढली. मग स्वतःच्या पगारातून एक जुनी लाल गाडी घेतली. ती गाडी आली आणि वडिलांनी शिकवलेलं सगळं हातांना आठवायला लागलं.

गॅरेजवाल्याने त्यात भर घातली. ऑईल बदलायला ती गेली, तर तो बोलायचा तिच्या नवऱ्याशी. देवमन बाजूला उभा, त्याला ऑईल मोजायची पट्टी कुठून ओढायची तेही ठाऊक नाही, आणि गॅरेजवाला त्यालाच, "भाऊ, मॅडमले सांगा, एकदम नवं टाकलं." चौथ्या दिवशी तिने पट्टी काढून पाहिली. काजळासारखं काळं. जुनंच ऑईल. ती भांडायला गेली तर म्हणाला, "तुमी राहू द्या. भाऊले पाठवा, त्याइले समजावून सांगतो." भाऊ गेले, चहा पिऊन आले. म्हणाले, "तो चांगला माणूस हाये."

त्या रविवारी मनकर्णा पूल ओलांडून जुन्या शहरात गेली. फारुख वेल्डर कूलरचे स्टँड, गेट, खिडक्यांच्या जाळ्या बनवायचा. तिने त्याच्या फरशीवर खडूने दोन उतार काढून दाखवले. पुढची दोन चाकं यावर चढवायची, गाडीचं तोंड वर होतं, खाली झोपायला जागा होते. हे कोणासाठी, असं फारुखने विचारलं नाही. विचारलं ते एवढंच, "गाडी का वजन कितना है, बाई?" आठ दिवसांत त्याने जाड लोखंडाचे दोन रॅम्प करून दिले. टायर धरावं म्हणून वर आडव्या पट्ट्या मारल्या, आणि देताना म्हणाला, "इनको सूखा रखना. पानी, तेल, कुछ नहीं लगना."

त्याला तीन वर्षं झाली. दर चार-पाच महिन्यांनी, सुटीच्या सकाळी, तिचा ठरलेला क्रम. रॅम्प कोरड्या फडक्याने पुसायचे. खाली जुन्या टायरट्यूबचे तुकडे टाकायचे, फरशीवर सरकू नयेत म्हणून. गाडी हळू चढवायची. हँडब्रेक, पहिला गिअर, मागच्या चाकांना दोन मोठे दगड. चावी ब्लाऊजमध्ये. मग बारदान अंथरून खाली.

सासू चतुराबाई दारात बसून तूर निवडायच्या आणि रस्त्याने जाणाऱ्याला ऐकू जाईल असं म्हणायच्या, "काय बापा, बाईचे पाय रस्त्यावर अन् डोकं गाडीखाली!" देवमन त्या वेळी नेमका भाजी आणायला जायचा.

एकदा ती पोळ्या लाटत होती आणि देवमन फोनवर अमरावतीच्या मेहुण्याशी बोलत होता. मेहुणा म्हणजे मोतीराम, बहिणीचा नवरा, घरचा जावई. "गॅरेजवाल्याचा काय भरोसा, बुवा? मी घरीच करतो ऑईल. रॅम्प बनवून घेतले न मी."

फोन ठेवल्यावर तिने विचारलं, "तुमी करता?"

"आता जवाईबुवाले काय सांगू? बायको गाडीखाली झोपते म्हून?"

तिने पोळी तव्यावर टाकली. त्या दिवशी ती गप्प बसली, याचा राग तिला आजही स्वतःवर आहे.

या वर्षी दसऱ्याला जावई अकोल्यात येणार होते. आदल्या दिवशी खंडेनवमी. घरातल्या अवजारांची पूजा. या घरात पाटावर विळा, कुऱ्हाड, देवमनचा पेन मांडला जायचा, आणि बाईचं अवजार म्हणून चतुराबाई विळी ठेवायच्या. पहिल्या वर्षी मनकर्णाने रॅम्प आणून पाटाशी ठेवले होते. चतुराबाईंनी ते पायाने बाजूला सारले होते. "हे काय देवाजवळ ठेवाची चीज हाये?"

यंदा नवमीला मनकर्णा लसीकरणाला गेली होती. संध्याकाळी आली तर अंगणातल्या पाटावर मधोमध रॅम्प. हळदीकुंकू, झेंडूच्या माळा, आणि वरून खालपर्यंत शेंदूर. मारुतीला लावतात तसा.

"हे कोणी केलं?"

"मी सांगतलं मायले," देवमन म्हणाला. "अवजार हाये न घरचं. तुलेच तर पाहिजे होतं."

तिला क्षणभर बरं वाटलं. खोटं कशाला बोला, बरं वाटलं. दिवसभर उन्हात उभी राहून आली होती, अंगणात अंधारून आलं होतं, ती आत जाऊन पडली. पूजलेलं अवजार दसऱ्यापर्यंत हलवायचं नसतं, म्हणून तिने हातही लावला नाही.

दसऱ्याला सकाळी मोतीराम आले. अंगण धुतलेलं, शहाबादी फरशी अजून ओली, दारात रांगोळी. मनकर्णा स्वयंपाकघरात पुरण वाटत होती, उरलेलं मंद आचेवर शिजत होतं. बाहेरून मोतीरामांचा आवाज आला.

"वा! हेच थे रॅम्प? मंग आज हत्यार चालवा न, बुवा. दसरा हाये. आमालेबी शिकू द्या."

"आज? आज कशाले? जेवन गिवन…"

"काहून? दहा मिनिटाचं काम, तुमीच तर सांगत होते फोनवर."

मग तिच्या गाडीचं इंजिन सुरू झाल्याचा आवाज.

मनकर्णा पुरणाच्या हातांनीच बाहेर धावली. रॅम्प गाडीच्या पुढे ठेवलेले, माळांसकट. देवमन स्टीअरिंगवर. चतुराबाई आरतीचं ताट घेऊन उभ्या.

"अवं, बरं झालं आली," देवमन खिडकीतून म्हणाला. "समोर बसून पाह्य बरं, चाक बराबर येऊन राहिलं का."

सवयीने ती दोन्ही रॅम्पच्या मधे, पुढच्या बाजूला उकिडवी बसली. चाक पाहायला वाकली, तेव्हा तिला ते दिसलं. शेंदूर चमकत होता. पट्ट्यांच्या फटींत तेल साचलेलं, खाली फरशीवर ओघळ. ट्यूबचे तुकडे नाहीत. बाजूला दगडही आणून ठेवलेले नाहीत.

"थांबा!"

देवमनने रेस दिली होती. चाक अर्धं चढलं, फिरलं, आणि उजवा रॅम्प फरशीवरून गोळीसारखा तिच्याकडे सुटला. ती मागे पडली, कोपर फुटलं. रॅम्प तिच्या गुडघ्याजवळून जाऊन भिंतीवर आदळला. गाडी धाडकन खाली आली.

"देवानं वाचवलं वो माय!" चतुराबाई म्हणाल्या. "बरं झालं शेंदूर लावला होता."

"कशात कालवला?" मनकर्णाने विचारलं.

"सरकीच्या तेलात. लोखंडाले तेल लागतेच. चांगलं वाटीभर चोपडलं."

मोतीराम रॅम्प उलटा करून पाहत होते. "मालच बोगस दिसते. कोणी बनवला?"

"थो जुन्या शहरातला फारुख," देवमन गाडीतून उतरत म्हणाला. आवाज जावयासमोरचा होता. "तरी मी हिले म्हटलं होतं, दुसरीकडून बनवू. अन् तू मधातच वरडली, मी दचकलो न."

आतापर्यंत मनकर्णाला फक्त कोपर दुखत होतं. ती उठली. पुरणाला माती लागलेली, हात तसेच.

"फारुखचं नाव घेऊ नका. त्यानं मले सांगतलं होतं, तेल लावू नका म्हून. मले सांगतलं, तुमाले नाई, कारण तुमी तिथं नव्हते. आत्याबाईचाबी दोष नाई, त्याइनं पूजा केली. तुमी तीन वर्षं ऑईल बदलून राहिले न? मंग चढाच्या आधी बोट लावून पाहिलं असतं. जो एकदा तरी खाली झोपला थो पाह्यते. मी आत्ता तिथं बसली होती. खाली झोपली असती तर?"

"जवाईबुवासमोर काय हे…"

"जवाईबुवासमोरच."

ती वाकून गाडीखाली पाहून आली. ऑईलच्या चेंबरला पोचा नव्हता, बंपर खालून फाटला होता. मग कुणाशी न बोलता तिने माळा तोडल्या, राख आणि कपड्याच्या पावडरने दोन्ही रॅम्प घासले, फरशी घासली, फडक्याने कोरडं केलं. अर्धा तास लागला. मोतीराम बसायला जागा शोधत राहिले. कुणी आत गेलं नाही. तिने ट्यूबचे तुकडे टाकले, गाडी हळू चढवली, हँडब्रेक ओढला, गिअर टाकला, मागे दगड लावले. हातांनी गाडी हलवून पाहिली. चावी ब्लाऊजमध्ये. बारदान अंथरलं. पान्यांचा डबा त्यावर ठेवला.

"जा," ती देवमनला म्हणाली.

"काय?"

"खाली जा. गाडी पक्की हाये, माह्या जबाबदारीवर. नट खोला. जवाईबुवाले शिकाचं हाये."

देवमन मोतीरामांकडे पाहून हसला. कुणी हसलं नाही. तो नव्या सदऱ्यानिशी बारदानावर आडवा झाला आणि छातीपर्यंत आत सरकला. वर गाडीचं सगळं ओझं, नाकापासून हातभर. त्याचे पाय एकमेकांना चिकटले.

"पाना दे," आतून आवाज आला.

"कोणता?"

शेजारच्या घरातून आरतीची घंटा ऐकू आली. मग डबा चाचपडल्याचा आवाज. हात बाहेर आला, त्यात बावीस नंबरचा पाना.

"हा तुमच्या नटाले नाई लागत," मनकर्णा म्हणाली. "नट कोणता, थे तरी दाखवा."

देवमन बाहेर आला. सदऱ्याला गंज लागला होता. त्याने मोतीरामांकडे पाहिलं नाही. फरशीकडे बघत म्हणाला, "मी कधी केलं नाई, जवाईबुवा. हीच करते. पयल्यापासून."

मोतीराम "अस्सं," म्हणाले आणि मोबाईल काढून बघायला लागले.

एवढंच होतं ते. देवमनचे चार शब्द. त्यांच्यासाठी तिचे गुडघे जाता जाता राहिले होते. राग उतरेल असं तिला वाटलं होतं, तो उतरला नाही. तिने पदर खोचला, सतरा नंबरचा पाना घेतला आणि खाली सरकली. नट पहिल्याच झटक्याला सुटला. कोमट काळं ऑईल घमेल्यात पडायला लागलं. गाडीच्या कडेखालून तिला तीन माणसांचे पाय दिसत होते. कुठे जावं हे न कळणारे.

आतून पुरण करपल्याचा वास आला.

"मनकर्णा," चतुराबाईंचा आवाज, कितीतरी वर्षांनी दबलेला. "पातेलं उतरवाचं राह्यलं वो. काय करू?"

"माह्ये हात गुंतले हायेत, आत्याबाई," ती खालून म्हणाली. "तुमच्या लेकाचे रिकामे हायेत. त्याइले सांगा."