चिंचेने घासलेली पाटी

काळं पडलेलं पितळ दिसलं की माझे हात शिवशिवतात. स्वभावच तसा, काय करणार!

इथे परदेशात, पामर्स्टन नॉर्थमध्ये, एक जुनं लाकडी चर्च आहे. रविवारी सकाळी त्यांची प्रार्थना, दुपारी आम्हा बौद्ध मंडळींची वंदना, आणि भाद्रपदात पुण्या-मुंबईकडच्यांचा गणपतीही तिथेच बसतो. अट एकच: वास्तू वारसा म्हणून जपलेली आहे, कशालाही हात लावायचा नाही. त्या सोमवारी जतनाच्या तज्ज्ञ बाई पाहणीला येणार होत्या. त्यांना काही खटकलं तर दाराला कुलूप, आणि आम्ही सगळेच बाहेर.

म्हणून शनिवारी मी आणि माझी गणपतीवाली मैत्रीण झाडलोट करायला गेलो. भिंतीवर महायुद्धात गेलेल्या इथल्या पोरांच्या नावांची पितळी पाटी होती. काळीकुट्ट!

"अगं बाई, पाहुण्या येणार आणि ही अवस्था?" म्हणत मैत्रीण घरी गेली ती चिंचेचा कोळ आणि मीठ घेऊनच परतली.

"आई, यू आर नॉट अलाउड!" सोबत आलेली माझी लेक ओरडत होती.

"तू गप गं," म्हणून मी बाह्या सरसावल्या. तासाभरात पाटी अशी लखलखली की आम्ही तिच्यासोबत सेल्फीसुद्धा काढला.

सोमवारी पाटी पाहताच तज्ज्ञ बाईंचा चेहराच उतरला. "हे कुणी केलं?"

"मी," म्हणाले.

"आम्ही दोघींनी," मैत्रीण लगेच पुढे झाली.

बाईंनी शांतपणे समजावलं. तो काळा थर पितळेचं रक्षण करतो. असं घासत राहिलं तर एक दिवस अक्षरंच झिजून जातील. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आपल्याकडे लेण्यातल्या स्तूपाला कुणी शेंदूर फासला तर तावातावाने भांडणारी मी, आणि इथे चिंच घेऊन तुटून पडले!

तेवढ्यात चर्चच्या किल्ल्या सांभाळणारी नव्वदीतली आजी काठी टेकत आली. पाटीला नाक लावून तिने चौथ्या ओळीवर बोट ठेवलं आणि एक नाव सावकाश वाचलं. "माझे काका," ती म्हणाली. "नजर अधू झाल्यापासून दिसलेच नव्हते." तिचे डोळे भरून आले, माझेही. मग मला म्हणाली, "बाकीची तू वाच. कित्येक वर्षांत कुणी मोठ्याने वाचलेली नाहीत."

मी वाचू लागले. उच्चार चुकला की आजी काठी आपटायची, आणि मैत्रीण मागून खुदखुदायची. शेवटचं नाव संपेपर्यंत तज्ज्ञ बाई जागच्या हलल्या नाहीत.

"चिंच बंद," त्या म्हणाल्या. "वर्षातून एकदा मऊ कोरडं फडकं, तेही माझ्यासमोर."

"आणि कुलूप?" मी भीत भीत विचारलं.

"कुलूप लावलं तर ही नावं वाचणार कोण?"