लडकूमामाची पितळी बॅटरी

लडकूमामाला कुणी 'आता आराम कर' म्हटलं की त्याच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. शेलार गावात माझं विजेच्या सामानाचं दुकान आणि समोर केसरीनाथशेठचा लूमचा, म्हणजे कापड विणायच्या मागांचा कारखाना. तिथं मामा पस्तीस वर्षं माग दुरुस्त करत होता. माग बिघडला की पोटावर झोपून खाली शिरायचं आणि बापाच्या तीन सेलच्या पितळी बॅटरीनं दोष शोधायचा, ही त्याची पद्धत.

२००७ साली शेठचा मुलगा दीपेश कारभार बघू लागला. त्याच सुमारास अकरा नंबरच्या मागातून आडवा धागा नेणारा धोटा सुटून बाहेर उडायला लागला. एकदा तर एका कामगाराच्या कानाजवळून गेला. खालच्या लोखंडी दांड्याला चीर आहे, आवाजावरून कळतं, असं मामा म्हणत राहिला. पण बॅटरीच्या पिवळट उजेडात त्याला ती दाखवता येईना. दीपेशनं सगळ्यांसमोर सुनावलं, "मामा, डोळे गेलेत तुमचे. एक तारखेपासून घरी बसा. ठाण्याहून नवा माणूस येतोय."

मामा तडक माझ्या दुकानात आला आणि बॅटरी काउंटरवर आपटली.

"हरी, तुज्याकडचा तो पांढऱ्या उजेडाचा एलईडी दे. हिच्यात बसवतो."

"नवी प्लास्टिकची घे की, मामा."

"पडली का फुटंल ती. आनि माजे डोले न्हाय गेले. उजेड गेलाय."

मुंबईहून मी तसले जोरदार एलईडी दोनच आणले होते. एक दिला, करंट बेताचा राहावा म्हणून रेझिस्टर जोडून दिला. पण मला हात लावू देईल तो मामा कसला! मागावर जिथं ठोका बसतो तिथं चामडं घालतात. त्याच सवयीनं त्यानं एलईडीच्या पाठीशी चामड्याचा जाड तुकडा घातला, बॅटरी पडली तरी दिव्याला धक्का बसू नये म्हणून. लख्ख उजेड पडला. मामा खूश. पाच मिनिटांत उजेड निळसर झाला, जळका वास आला आणि खेळ खलास.

माझं डोकं फिरलं. "अरे, त्याच्या पाठीतून उष्णता बाहेर पडायला पाहिजे! तू तर त्याला गोधडी पांघरलीस!"

मामानं चामड्याचा तुकडा काढून टाकला आणि बॅटरी उचलून निघायला लागला. त्याला हार मानताना मी पहिल्यांदाच बघत होतो आणि ते मला मुळीच आवडलं नाही. दुसरा एलईडी मीच पुढं सरकवला.

या वेळी त्यानं पितळेची चकती कापली आणि बॅटरीच्या आतल्या अंगाला घट्ट बसेपर्यंत दोन दिवस कानशीनं घासली. चकतीवर एलईडी बसवला. थोड्या वेळानं बॅटरीचं तोंड चांगलंच तापलं.

"पोलतंय रं!"

"पोळू दे. अंग तापतंय म्हणजे दिवा वाचतोय."

एकतीस तारखेला दुपारी वीज गेली आणि सगळे माग थांबले. मामा अकरा नंबरखाली शिरला. मी मुद्दाम बघायला गेलो होतो. रॉकेलच्या चिंधीनं त्यानं दांडा पुसला, उजेड आडवा धरला आणि कितीतरी वेळ तसाच पडून राहिला. मग खालूनच ओरडला, "दीपेश, इकडं ये. वाक!"

कडक इस्त्रीच्या पँटमधला दीपेश गुडघ्यांवर बसला, मग निमूट आडवा झाला. लोखंडात केसाएवढी काळी चीर, इकडून तिकडे गेलेली. कामगार एकेक करून वाकून बघून गेले.

दीपेश कपडे झटकत उठला. चूक कबूल करायची सोडून म्हणतो कसा, "बॅटरी भारी आहे, मामा. इथंच खिळ्याला अडकवून ठेवा. नव्या माणसाला उपयोगी पडेल."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मामानं मात्र शांतपणे पेटती बॅटरी तोंडाकडून त्याच्या हातात दिली. दीपेशनं चटका बसताच ती सोडली. फरशीवर खणकन आवाज झाला. बॅटरी पेटलेलीच होती.

मामानं ती उचलली आणि तिच्या त्याच तापलेल्या तोंडाशी मूठ आवळून धरली.

"उद्या एक तारीक हाय," तो म्हणाला. "मी सकाली सातला येनार. तुजा मानूस आला तर बसव त्याला. वाकायचं कसं, शिकवीन मी."