कझायाचा दीर

कझाया पर्नेल आणि मी एकाच कैद्यांच्या जहाजातून ऑस्ट्रेलियात, न्यू साउथ वेल्सला आलो. इंग्लंडात ग्लॉस्टरशरच्या एका दुकानातून तिनं फ्लॅनेलचा तुकडा उचलला होता. त्यापायी सात वर्षांची हद्दपारी. नवरा सायलस, विणकर, मागेच राहिला. लिहिता दोघांनाही येत नव्हतं, त्यामुळे ना त्याची खबर इकडे, ना हिची तिकडे.

विंडसरला आम्ही दोघी लोकांची धुणी धुवायचो. सिडनीहून बोट आली की ही हातातलं धुणं तसंच टाकून धक्क्यावर पळायची.

"कोण येणारंय गं तुझं?" मी चिडवायचे.

"कुणी नाही. बघायला काय जातं?"

शिक्षा संपली, पण परत जायची सोय नव्हती. शेवटी पाद्र्याला 'विधवा' म्हणून सांगून तिनं एझ्रा टफ्लीशी लग्न केलं. एझ्रा लाकूड कापायचा, मुलखाचा अबोल. तरी बोट आली की ही निघालीच.

लग्नाला वर्ष झालं नसेल, तोच नव्या कैद्यांच्या रांगेतून सायलस उतरला.

"तू? तू कशाला आलास?"

"तुझ्यासाठी. भर दुपारी वाळत घातलेलं कापड ओढलं नि धरून नेईपर्यंत तिथंच उभा राहिलो."

"मी सांगितलं होतं का रे? फासावर चढवलं असतं म्हणजे?"

"नाही ना चढवलं!" तो हसला. मग तिच्या बोटातली अंगठी त्याला दिसली.

कैद्यांच्या वहीत कझायाचं जुनं आडनाव आणि सायलसचं एकच, म्हणून नोंदी ठेवणाऱ्या सरकारी कारकुनाला संशय आला. नवरा जिवंत असताना दुसरं लग्न म्हणजे पुन्हा शिक्षा. त्यानं तिघांना बोलावलं. मी दाराशी होते.

"ही तुझी कोण?"

सायलसनं टोपी चुरगाळली. "वहिनी. माझा भाऊ तापानं गेला, साहेब."

"खरं का, बाई?"

कझायानं एझ्राकडे पाहिलं. बोलला तो एझ्रा. "दीरच आहे तिचा. रविवारी जेवायला येतोय आमच्याकडे."

आणि खरंच सायलस दर रविवारी यायला लागला. खारवलेलं डुकराचं मांस, मक्याची भाकरी, दोन पुरुष गप्प. ही सारखी उठबस करायची. बाहेर लोक म्हणायचे, "काय वहिनी, दीर भारी लाडका दिसतो!" एका रविवारी तिनं ताटली आपटली.

"अरे, दोघांपैकी एकानं तरी भांडा ना माझ्याशी!"

कुणी भांडलं नाही. पुढे शिक्षेतून मोकळीक मिळाल्यावर सायलस मेंढ्या राखायला डोंगरापलीकडे बॅथर्स्टला गेला. काही दिवसांनी ही चालत त्याच्या मागे निघाली, आणि डोंगराच्या पायथ्यावरून एका गाडीवानाबरोबर परत आली. पायांची सालं निघालेली. एझ्रानं चहा पुढे ठेवला, विचारलं काही नाही.

"अर्ध्यातून का फिरलीस?" मी विचारलं.

"तिकडे पोचले असते, तर इकडे जीव लागून राहिला असता. मला कुठंच करमायचं नाही, हेस्टर."

पुढे कळलं, सायलसनं तिकडे एका आयरिश बाईशी संसार मांडलाय, मुलगीही झालीय. "बरं झालं," कझाया म्हणाली, आणि वाळलेली चादर पुन्हा पाण्यात बुडवून घासत बसली. त्याच महिन्यात तिनं एझ्राला बिऱ्हाड गाडीवर चढवायला लावलं. तेव्हापासून चार गावं झाली. आता ती दोघं हंटर नदीकाठी आहेत. एझ्रानं या खेपेला दगडी चूल बांधलीय म्हणे. कझाया मात्र येणाऱ्याजाणाऱ्याला विचारत असते, उत्तरेकडे जमीन कशी आहे म्हणून.