दर वाक्याला चुकणारा पोलीस

नोकरीतल्या बऱ्याच घटना आता फाइलीतल्या नोंदींइतक्याच उरल्या आहेत. ही एक मात्र आजही लख्ख आठवते, आणि आठवली की हसू येते. पोलिसाच्या वाट्याला अशा केसेस फार येत नाहीत.

जयपूरला प्रताप नगरच्या बाजूच्या एका ठाण्याचा मी तेव्हा प्रमुख होतो. निवृत्तीला वर्षही उरले नव्हते. वडील मूळचे साताऱ्याकडचे. फौजेतल्या नेमणुकीवर जयपूरला आले आणि इथलेच झाले. माझी शाळा, भरती, नोकरी सगळी राजस्थानात. मराठी बोलायचो ती फक्त आईशी, तीही हिंदीच्या कुबड्या घेऊन.

थंडीचे दिवस होते. सकाळची हजेरी आटोपली होती. हाउसिंग बोर्डाच्या वसाहतीतल्या एक राजस्थानी गृहिणी ठाण्यात आल्या. तक्रार नाही, फक्त शंका आहे, असे त्यांनी आधीच सांगून टाकले. त्यांच्या शेजारी तळमजल्यावर महाराष्ट्रातल्या एक वयस्क बाई मुलाकडे राहायला आल्या होत्या. मुलगा शहरातल्याच झालाना भागातल्या एका कंपनीत नोकरीला. कामासाठी चार दिवस बाहेरगावी गेलेला. बाई रोज संध्याकाळी बागेत यायच्या, त्या दोन दिवस दिसल्या नाहीत. म्हणून शेजारणीने खिडकीतून डोकावले. बाई इस्त्रीची साडी नेसून, टेबलावर उभ्या केलेल्या मोबाइलसमोर ताठ बसल्या होत्या. मग त्यांनी शाळेतल्या मुलीसारखा हात वर केला आणि मोबाइलला विचारले, "पानी पी लूँ, सर?"

आमचा हवालदार हसला. मला हसू आले नाही. ही 'डिजिटल अरेस्ट' होती. खोटा पोलीस व्हिडिओ कॉल करतो, तुमच्या नावावर गुन्हा आहे असे सांगतो, कॅमेऱ्यासमोरून हलू देत नाही आणि शेवटी बँकेतली आयुष्यभराची शिल्लक आपल्याकडे वळवून घेतो. कायद्यात अशी अटकच नाही. पण घाबरलेल्या माणसाला कायदा आठवत नाही.

रोजनामच्यात नोंद केली, एका महिला शिपायाला घेतले आणि खासगी गाडीने निघालो. पुढच्या दाराची बेल वाजवली असती तर फोनवरच्याला ती ऐकू गेली असती. म्हणून बोळाकडच्या स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी थांबलो. थोड्या वेळाने बाई आत आल्या. चहासाठी त्यांना पाच मिनिटांची परवानगी मिळाली होती. नळ सोडलेला होता, त्या आवाजात मी जाळीला ओळखपत्र लावले.

बाई मागे सरकल्या. नकली पोलीस येतील, असेच कार्ड दाखवतील, दार उघडलेत तर मुलगा तुरुंगात जाईल, असे साहेबांनी बजावले आहे, असे त्या हिंदीत कुजबुजल्या. माझ्याकडे गणवेश, तसा त्याच्याकडेही. माझ्या टेबलामागे झेंडा, तसा त्याच्याही मागे. शिवाय त्याने शिक्क्याचे पत्र पाठवले होते, त्यावर बाईंचा आधार क्रमांकही बरोबर होता. पुराव्यात तो माझ्यापेक्षा वरचढच होता.

नाइलाजाने मी मराठीत बोललो. "काकूजी, डरू नका. असली पोलीस आली आहे. मी तुमची मदत करायला आला आहे."

बाईंच्या कपाळावर आठी पडली. "आलो आहे," त्या म्हणाल्या.

"हो, मी आला आहे."

"आला नव्हे, आलो. आणि पोलीस आला किंवा पोलीस आले. आली नाही."

सांगलीकडच्या शाळेत त्यांनी तीस वर्षे मराठी शिकवले होते, हे मला नंतर कळले. पुढची तीन मिनिटे त्या जाळीआडून त्यांनी माझी चौकशी केली. गाव कोणते, तिथे शेवटचे कधी गेलात, आईला काय म्हणता, संक्रांतीला घरी काय करतात. मी उत्तरे देत गेलो आणि चुकत गेलो. महिला शिपाई सारखी घड्याळ पाहत होती. आयुष्यभर मी लोकांच्या चौकशा केल्या, पण इतका घाम मला कुणी फोडला नव्हता.

शेवटी त्या जाळीजवळ आल्या. "फोनवरचा साहेब दोन दिवसांत एकदाही अडखळला नाही. वाचून दाखवल्यासारखं बोलतो. तुम्ही दर वाक्याला चुकता. तुम्ही खरे."

आणि त्यांनी मागच्या दाराची कडी काढली.

फोन बंद करा, संपला विषय, असे मी सांगितले. त्यांनी नकारार्थी मान हलवली. मी सुटेन, पण तो उद्या दुसऱ्या कुणाला असेच बसवेल, असे त्यांचे म्हणणे. मग त्यांनी कामाची गोष्ट सांगितली. फोनवर बोलताना मागून दर थोड्या वेळाने बसच्या कंडक्टरची हाळी ऐकू यायची, "बस्सी, दौसा, दौसा." मागच्या बाकावरची कुजबुज ऐकायची सवय असलेला कान होता तो.

म्हणजे माणूस आग्रा रोडवर, बस्सीच्या अलीकडच्या एखाद्या थांब्यापाशी होता. सायबर शाखेला कळवलेच, पण कंपन्यांकडून माहिती यायला वेळ लागतो. म्हणून मी त्या भागातल्या ठाण्याला विनंती केली की, एक जीप थांब्याथांब्यावर उभी करा आणि लाउडस्पीकरवरून 'रस्त्यावर गाड्या लावू नका' अशी नेहमीची सूचना द्या. बाई चहा घेऊन पुन्हा मोबाइलसमोर बसल्या आणि मी कॅमेऱ्याच्या नजरेबाहेर, कपाटाशेजारी जमिनीवर बसलो. सूचना फोनवर ऐकू आली की बाईंनी पदर सावरायचा, असे ठरले होते.

पाऊण तास बाईंनी त्या साहेबाला गुंतवून ठेवले. कलम समजले नाही, परत वाचा. हा शब्द कसा लिहायचा, सांगा. जीप तिसऱ्या थांब्यावर पोहोचली तेव्हा त्यांनी पदर सावरला. थोड्या वेळाने पुन्हा, या वेळी दोनदा; आवाज आणखी जवळ आला होता. आवाजाने त्रासलेला साहेब "एक मिनट" म्हणून उठला आणि त्याने खिडकी लावून घेतली. मी माझ्या फोनवर जीपमधल्यांना कुजबुजलो, आत्ता खिडकी कुठे बंद झाली ते बघा. जीपमधल्या शिपायाने पाहिलेच होते: हार्डवेअरच्या दुकानावर, दुसरा मजला, खाकी बाही.

दहा मिनिटांनी बाईंच्या मोबाइलवर दृश्य बदलले. साहेबाच्या मागचे दार उघडले आणि स्वेटर घातलेला, पोट सुटलेला, अस्सल हवालदार आत आला. साहेब पळायला उठला. बाईंनी चष्मा सारखा केला आणि शांतपणे म्हणाल्या, "बैठे रहिए. कैमरे के सामने से हटना मना है."

मी कपाटाशेजारी बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो.

त्या खोलीत तिघे सापडले, त्यांना आमच्या ठाण्यात आणले. साहेब तिशीच्या आतला होता. दोन तास तो पाठ केलेलीच उत्तरे देत राहिला. मग मी सहज विचारले की, गणवेशाला इस्त्री कोण करते? तो खाली बघू लागला. रोज सकाळी तोच करायचा. "पोलीस भरतीत तीनदा नापास झालो," तो म्हणाला, "फोनवर निकाल कुणी विचारत नाही." त्यानंतर तो खरे बोलू लागला. आणखी दोन शहरांत दोन म्हातारी माणसे त्याच क्षणी अशीच फोनसमोर बसलेली होती. त्या ठाण्यांना लगेच कळवले आणि संध्याकाळपर्यंत दोघेही सुटले. तो निरोप आला तेव्हा ठाण्यात कुणीतरी जिलेबी मागवली.

जबाब द्यायला बाई आणि शेजारीण दोघी एकत्र आल्या. दुसऱ्याच्या घरात डोकावले म्हणून शेजारीण ओशाळली होती. मी तिला सांगितले की, इतक्या कॅमेऱ्यांच्या शहरात उपयोगी पडली ती तुमचीच नजर. बाईंनी मात्र मला शिक्षा सुनावली: दर रविवारी एक पान शुद्धलेखन. मुलगा परत आल्यावरही ती माफ झाली नाही. आज मी हे मराठीत लिहू शकतो ते त्यामुळेच.

या केसने माझी एक सवय मोडली. पूर्वी कुणी दारात उभे करून उलटे प्रश्न विचारले की मला राग यायचा. गणवेश दिसत नाही का, असे वाटायचे. आता गणवेश कुणीही दाखवू शकतो, आवाज आणि शिक्काही. प्रश्न विचारू न देणे ही खोट्याची गरज असते, आणि थांबून उत्तर द्यायला खऱ्याला काही अडचण नसते.

निवृत्तीच्या आदल्या आठवड्यात एका समन्ससाठी मी त्याच वसाहतीत गेलो. एका आजोबांनी मला दहा मिनिटे उन्हात उभे केले, नाव विचारले, हुद्दा विचारला, ठाण्यात फोन लावून खात्री करून घेतली आणि मगच साखळी काढली. माझ्याबरोबरचा तरुण फौजदार चिडला होता. मी त्याला म्हटले, उभा राहा, आपलेच काम चालले आहे.