धूर कुणाचा

स्कॉच कशी प्यायची हे मला माझ्याच भाडेकरूनं शिकवलं, आणि त्याचा मला बरेच दिवस राग होता. पिरंगुटजवळ भरे गावात माझं घर आहे. खाली आम्ही नवराबायको, वरच्या दोन खोल्या भाड्यानं. वर राहतो तो पोरगा जळगावकडचा, रोज हिंजवडीला कामाला जाणारा. खोली देतानाच मी बजावलं होतं, "हितं दारूबिरू चालायची न्हाई." त्यानं गरिबासारखी मान हलवली. महिन्याभरानं टाकीचं पाणी बघायला वर गेलो, तर याच्या कपाटावर बाटल्यांची रांग, एकेक पुसून ठेवलेली. मी तोंड उघडायच्या आत त्यानं खुर्ची पुढं सरकवली आणि म्हणाला, "काका, शिव्या द्या, पण आधी नुसता वास घ्या."

आता मी पिरंगुटच्या कारखान्यात जन्म घालवलेला माणूस. आमचं पिणं म्हणजे शनिवारची क्वार्टर, तीत काळं कोल्ड्रिंक, वर मूठभर शेव, की झालं. दारूचा वास घ्यायचा नसतो, बायकोपासून लपवायचा असतो, एवढंच मला ठाऊक. आणि हा म्हणतो वास घ्या! घेतला. खरं सांगतो, पुन्हा घेतला. पेंढ्यात आंबे पिकत घातलेल्या खोलीचं दार उघडल्यावर येतो ना, तो वास होता. त्यामागून गूळ. शिव्या तशाच राहिल्या.

तेव्हापासून रविवारी उन्हं कलली की आम्ही तिघं वरच्या गॅलरीत बसायला लागलो. तिसरा माझा बांधकरी. त्याच्या आणि माझ्या भातखाचरांत एकच बांध, आणि शाळेत असताना बाकही एकच. भाडेकरू प्रत्येकाला बोटभर ओतायचा, बर्फ नाही, कोल्ड्रिंक तर नाहीच, वर चमच्यानं थेंबभर पाणी. बांधकरी पहिल्यांदा बोट बुडवून चार थेंब जमिनीवर उडवायचा. भाडेकरूचा जीव खालीवर व्हायचा. "अहो, केवढी महाग आहे ती!"

"मंग द्येवाला काय स्वस्तातली पाजू?" बांधकरी म्हणायचा. मग एक घोट घेऊन तोंड वाकडं करायचा. "औषध हाय हे, औषध. आपली क्वार्टर काय वाईट व्हती गड्या?" पण एक रविवार चुकवला असेल तर शपथ.

माझं मात्र तसं नव्हतं. मला त्या पेल्यात काय काय सापडायचं. मनुका, जुनं लाकूड, उन्हात तापलेली गोणी. मी एकेक सांगत जायचो आणि भाडेकरू मांडीवर थाप मारायचा, "काका, तुमचं नाक म्हणजे नाक आहे!" त्या वयात कुणी अशी स्तुती केली की माणूस जरा फुगतोच. मी फुगलो.

आणि दिवाळीनंतर ताप आला. आठवड्यानं गेला, तो जाताना नाक घेऊन गेला. नाक जागेवर, पण वास नावाची गोष्टच नाही. महिनाभर कोरडं ठणठणीत. मग वास यायला लागले, ते सगळे उलटेपालटे! चहाला जळक्या टायरचा वास. फोडणीत कांदा पडला की गटाराचा. आणि एकदा तर खुद्द गटारापाशी उभा राहून मी अगरबत्ती कुणी लावलीय म्हणून शोधत होतो. बायकोनं ते बघितलं. "आवं, चला घरी," एवढंच म्हणाली आणि दिवसभर माझ्याकडं चोरून बघत राहिली.

पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, रोज लवंग हुंगा, लिंबू हुंगा, नाकाला पुन्हा शिकवावं लागतं. कधी येईल? "येईल. कदाचित नाहीही येणार." असली उत्तरं द्यायला डॉक्टर कशाला व्हावं लागतं, मला सांगा! मी बरणीतल्या लवंगा हुंगत बसायचो आणि मला ओल्या पुठ्ठ्याचा वास यायचा.

हे सगळं मी सोसलं असतं. पण थंडी सरता सरता लेक पहिल्या बाळंतपणाला घरी आली आणि नात झाली. दवाखान्यातून आणल्यावर मी तिला हातात घेतलं, टाळूला नाक लावलं, आणि मला जळक्या रबराचा वास आला. मी पोर बायकोच्या हातात परत दिलं आणि गोठ्यात जाऊन रडलो. उगाच कशाला लपवू, रडलोच.

कारण मला एकच गोष्ट हवी होती. माझी लेक एवढीशी होती तेव्हा कारखान्यातली पहिली पाळी संपवून मी दुपारी घरी यायचो आणि आधी तिच्या टाळूला नाक लावायचो. तेल, दूध, आणि आणखी काहीतरी, ज्याला नाव नाही. तो वास नातीचा एकदा घ्यायचा होता. एकदाच. तिसरा महिना सरला की जावई न्यायला येणार. मग पोर पुढच्या वेळी येईल ती बिस्किटाच्या आणि पावडरच्या वासाची. तान्ह्या टाळूचा वास काय आपल्यासाठी थांबून राहतो?

हे मी बायकोलाही बोललो नव्हतो. बोललो त्या दोघांना, एका रविवारी, नुसता कोरडा पेला हातात धरून. भाडेकरू उठला आणि कपाटावरच्या सगळ्या बाटल्या खाली काढल्या. म्हणाला, "लवंगेत एक वास असतो काका. यात पन्नास आहेत. शिकवू नाकाला." दर रविवारी तो माझ्यापुढं तीन पेले मांडायला लागला. मी हुंगायचो, चुकायचो, चिडायचो. बायकोला कळलं तेव्हा तिनं कमरेवर हात ठेवले. "डॉक्टरनं लवंग सांगितली व्हती का दारू? आन् एक सांगून ठेवते, प्यायल्या तोंडानं पोरीला हात लावायचा न्हाई. दुसऱ्या दिवशी आंघोळ करूनच यायचं." म्हणजे बघा आमची गंमत: ज्या नातीसाठी पेला हुंगायचा, त्याच पेल्यापायी रविवारी नातीच्या खोलीचं दार बंद.

चैत्र संपत आला. बुधवारी जावई येणार असं ठरलं. त्याआधीच्या रविवारी भाडेकरूनं एक नवीनच बाटली आणली, कुठल्याशा बेटावरची. म्हणाला, "ही शेवटची. ही सगळ्यात जोरकस आहे, ही नाही कळली तर..." पुढचं त्यानं गिळलं.

मी पेला नाकाशी नेला आणि ओरडलोच, "राब!"

भाडेकरूला राब काय ठाऊक! मी त्याला सांगितलं. भाताची रोपं टाकायच्या आधी आम्ही खाचरात एका तुकड्यावर शेण, पालापाचोळा, फांद्या, गवत पसरतो, वर माती टाकतो आणि सगळं जाळून जमीन भाजून काढतो. तो राब. त्याचा धूर माझ्या लहानपणापासून माझ्या अंगात आहे. भाडेकरू आनंदानं उडालाच. म्हणाला, "बरोबर आहे काका! तिकडे दलदलीतली माती वाळवून जाळतात, आणि तिच्या धुरावर जव सुकवतात. त्याचाच वास आहे हा! आलं, नाक आलं!" मी पेला खाली ठेवला, पुन्हा उचलला, पुन्हा हुंगला. राबच.

"आरं पर," बांधकरी हळूच म्हणाला, "म्या येताना राब पेटवून आलोय."

आम्ही तिघांनी गॅलरीतून खाली बघितलं. बांधाच्या पलीकडं धूर निघत होता आणि वाऱ्यावर सरळ आमच्याकडं येत होता.

मग जो गोंधळ झाला तो काय सांगू! मला वास आला तो पेल्यातला की खाचरातला? आम्ही आत गेलो, खिडक्या लावल्या, दार लावलं. मी हुंगलो. राब. भाडेकरू म्हणाला, धूर आत शिरलाय. पंखा लावला. हुंगलो. राब. मग त्याच्या लक्षात आलं, बांधकरी शेजारीच बसलाय आणि त्याच्या सदऱ्याला, केसांना, मिशीला, सगळ्याला धूर लागलाय. "मंग मी काय आता कापडं काढू व्हय?" बांधकरी भडकला आणि पेला घेऊन जिन्यात जाऊन बसला. भाडेकरूनं माझ्या डोळ्यांवर टॉवेल बांधला आणि तीन पेले पुढं केले. पहिल्याला काही नाही. दुसऱ्याला काही नाही. तिसरा नाकाशी आला आणि मी छाती ठोकून सांगितलं, "हाच! हाच राब!"

मी टॉवेल सोडला. तिसऱ्या पेल्यात पाणी होतं.

मला एवढा संताप आला की कुणावर काढावा तेच कळेना. पाण्यावर काढू? भाडेकरूला म्हणालो, तुझी स्कॉच गेली खड्ड्यात. बांधकऱ्याला म्हणालो, तुला आजच मुहूर्त सापडला व्हय रे राब पेटवायला? तो जिन्यातून वर आला. मला वाटलं, आता भांडणार. त्यानं पेल्यातली उरलेली एका दमात संपवली, अंगावर काटा आल्यासारखं केलं आणि म्हणाला, "अर्धा राब राहिलाय. सकाळी पेटवणार व्हतो. न्हाई पेटवत. तुझ्या नाकाचा निकाल लागू दे आधी."

"आन् रोपं कवा टाकशील?"

"पाऊस काय उद्या येतोय व्हय? गप बस."

मी खाली निघालो तेव्हा भाडेकरूनं एका पेल्यात चार थेंब ठेवले आणि वर बशी झाकली. सकाळी उठल्या उठल्या, स्वच्छ हवेत, फक्त वास घ्या म्हणाला. मी रोज त्या वेळी डेअरीला दूध घालायला जातो. सोमवारी गेलो नाही, शेजाऱ्याच्या हाती दूध धाडलं. आंघोळ केली, पेला घेऊन अंगणात उभा राहिलो, आधी बांधापलीकडं बघितलं. धूर नव्हता. बांधकरी तेवढा बांधावर उभा होता, हात पाठीमागं बांधून, माझ्याच घराकडं तोंड करून. मी बशी काढली आणि हुंगलो. आला का वास? आल्यासारखा वाटला. कालचाच आठवतोय की आत्ता येतोय? पुन्हा हुंगलो. आता काहीच नाही. माझं मलाच कळेना.

तेवढ्यात बायकोनं आतून हाक मारली. "आवं, जरा पोरीला धरा, माझं हात मोकळं न्हाईत." मी दाराशी गेलो. तिनं आधी माझं तोंड हुंगलं, मगच दुपट्यात गुंडाळलेली नात माझ्या हातात दिली आणि मागच्या खोलीत गेली. नुकतीच न्हाऊन निघालेली, लालबुंद, डोळे मिटलेले. मला भीती वाटली. खरंच. मग मी टाळूला नाक लावलं.

धूर.

टायर नाही, रबर नाही. धूर. मी खिडकीतून बघितलं, खाचर तसंच, कुठं काही पेटलेलं नाही. म्हणजे संपलं. कालच्या त्या बाटलीनं नाकात घर केलं होतं आणि आता मला पाणी काय, पोर काय, जन्मभर सगळं धुराचंच लागणार होतं. हौसेनं नाकाला शिकवायला निघालो होतो, घ्या आता! मी तसाच खाटेवर बसलो. परवा जावई येतील, पोर जाईल, आणि आजोबाला तिची आठवण म्हणून काय, तर धूर.

लेक केस पुसत आत आली. माझं तोंड बघून थबकली. "काय झालं आबा?"

"काय न्हाई. तुझ्या पोरीला धुराचा वास येतोय. माझं नाक गेलं ते गेलंच."

"आवं आबा, धुराचाच येणार की! आत्ताच धुरी दिलीया तिला."

तिच्या मागून बायको आली, हातात लोखंडी पाटी, पाटीत निखारे, निखाऱ्यांवर ओवा आणि वावडिंग, आणि त्यातून वर चढणारा धूर. न्हाऊ घातलं की पोराला धुरी देतात, हे मला काय ठाऊक नव्हतं? होतं. पण लेकीच्या वेळी त्या वेळेला मी पहिल्या पाळीवर असायचो, आणि आता डेअरीवर. दुपारी घरी येईपर्यंत धूर उडून गेलेला असायचा. न्हालेल्या पोराला त्या वेळी मी कधी जवळ घेतलंच नव्हतं.

"काय झालं ह्यांना?" बायकोनं लेकीला विचारलं. मी पुन्हा नाक लावलं. धूर होता. त्याच्याखाली ओवा. त्याच्याखाली तेल, अगदी पुसट. आणि त्याच्याही खाली आणखी काही होतं की मीच ते तिथं ठेवलं, हे देवाशपथ मला आजही सांगता येत नाही. पण धूर तिचा होता. तेवढं खरं होतं.

मी नातीला तसंच छातीशी धरून अंगणात आलो. बायको मागून ओरडत होती, उन्हाला कुटं नेता तिला. बांधकरी अजून बांधावर तसाच उभा होता. वर गॅलरीत भाडेकरू ब्रश तोंडात धरून वाकून बघत होता. मी बांधाकडं तोंड करून जेवढा गळा होता तेवढ्यानं ओरडलो,

"पेटव रे! पेटव तुझा राब!"